निकाल एका खोलीत, पुरावा तीन काउंटींमध्ये

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, कापसाच्या सपाट शेतांमध्ये, समनर नावाचे एक गाव आहे. तेथे आज पाचशे माणसांचीही वस्ती नाही. तरीही टॅलहॅची काउंटीच्या दोन मुख्य ठाण्यांपैकी ते एक असल्यामुळे गावाच्या चौकात विटांची, शंभर वर्षांहून जुनी अशी भारदस्त न्यायालय-इमारत उभी आहे. काउंटी हे साधारणपणे आपल्या तालुक्याच्या तोलाचे प्रशासकीय एकक असते, आणि जमिनीच्या कागदापासून फौजदारी खटल्यापर्यंत सामान्य माणसाचा सरकारशी जो संबंध येतो तो बहुधा अशाच इमारतीत येतो. १९५५ च्या सप्टेंबरात देशोदेशीचे पत्रकार या गावात उतरले, तेव्हा गावाच्या पाटीवर लिहिलेले होते की मुलगा वाढवायला ही चांगली जागा आहे. पत्रकार आले होते ते एका चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाच्या खटल्यासाठी.

२५ जुलै २०२३ रोजी, त्या मुलाच्या ब्याऐंशीव्या जन्मदिनी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एमेट टिल आणि त्याची आई मेमी टिल-मोब्ली यांच्या नावाने एक राष्ट्रीय स्मारक घोषित केले. त्यात तीन जागा आहेत: समनरचे हे न्यायालय, टॅलहॅची नदीवरचा ग्रॅबॉल लँडिंग हा काठ आणि शिकागोतील रॉबर्ट्स टेंपल हे चर्च. हा निर्णय योग्यच होता. मात्र तो अपुरा आहे, आणि जे गाळले गेले त्याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, असे माझे मत आहे. अन्यायाचा निकाल देणारी इमारत जतन करायची असेल, तर त्या निकालाने जे पाहायला नकार दिला त्या जागाही तितक्याच निगुतीने जतन करायला हव्यात. नाहीतर आपण निकालच जपून ठेवतो आणि पुरावा पुन्हा एकदा बाहेर राहतो.

मूळ घटना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एमेट टिल हा शिकागोचा कृष्णवर्णीय मुलगा सुट्टीत आईच्या मावशीकडे आला होता. मावशीचे यजमान मोझेस राइट हे लेफ्लोर काउंटीतील मनी या खेड्याजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. २४ ऑगस्ट १९५५ रोजी एमेट मनीच्या एका किराणा दुकानात गेला, आणि दुकान चालवणाऱ्या गोऱ्या स्त्रीकडे पाहून त्याने शीळ घातली असे त्याच्याबरोबरच्या भावंडांनी पुढे सांगितले. चार दिवसांनी, २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, त्या स्त्रीचा पती रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मोझेस राइट यांच्या घरातून त्याला उचलून नेले. ३१ ऑगस्टला त्याचा मृतदेह टॅलहॅची नदीत सापडला. कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीचा लोखंडी पंखा काटेरी तारेने त्याच्या गळ्याला बांधलेला होता. टॅलहॅची काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, क्लॅरेन्स स्ट्रायडर यांना त्याचे दफन तातडीने तेथेच उरकायचे होते. आईने ते थांबवून मृतदेह शिकागोला मागवला, शवपेटी उघडी ठेवली, आणि आपल्या मुलाचे काय केले आहे ते जगाने पाहावे असा आग्रह धरला. हजारो लोकांनी ते पाहिले. ‘जेट’ या नियतकालिकाने छायाचित्रे छापल्यावर साऱ्या देशाने पाहिले.

खटला १९ ते २३ सप्टेंबर असे पाच दिवस चालला. बारा ज्यूरीसदस्य होते, सगळे गोरे आणि सगळे पुरुष. काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, पण ज्यूरी निवडली जाई ती मतदारयादीतून, आणि त्या यादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. स्त्रियांना तर मिसिसिपीत ज्यूरीत बसण्याचा अधिकार १९६८ पर्यंत नव्हता. गावातल्या पाचही वकिलांनी आरोपींचे वकीलपत्र घेतले. कृष्णवर्णीय पत्रकारांना बाजूला एक लहानसे टेबल देण्यात आले आणि मिशिगनहून आलेले अमेरिकी संसदेचे कृष्णवर्णीय सदस्य चार्ल्स डिग्ज यांनाही तेथेच बसावे लागले. त्याच खोलीत मोझेस राइट साक्षीदाराच्या खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात लांब करून मायलमकडे बोट दाखवले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयाने गोऱ्या आरोपीकडे भर न्यायालयात असे बोट दाखवण्याचा अर्थ काय होतो, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अर्नेस्ट विदर्स या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला म्हणून आज आपल्याला तो दिसतो. खटल्यानंतर राइट यांना पीक उभे टाकून शिकागोला निघून जावे लागले.

शेरीफ स्ट्रायडर यांनी साक्ष दिली ती बचाव पक्षासाठी. मृतदेह इतका बिघडलेला होता की तो गोऱ्याचा की काळ्याचा हेही सांगता येत नव्हते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. तोच मृतदेह त्यांनी कृष्णवर्णीय दफनव्यवस्थापकाच्या स्वाधीन केला होता. आपल्या मुलाला आपण ओळखले, असे आईने शपथेवर सांगितले होते. मुलाच्या बोटात त्याच्या वडिलांची आद्याक्षरे कोरलेली अंगठी होती. ज्यूरीने सदुसष्ट मिनिटांत आरोपी निर्दोष ठरवले, आणि आम्ही शीतपेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे त्यांच्यातल्या एकाने पत्रकारांना सांगितले.

येथवरची हकीकत बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. माझ्या म्हणण्याचा आधार तिच्या एका कमी चर्चिल्या गेलेल्या बाजूवर आहे, आणि ती म्हणजे अधिकारक्षेत्राची बाजू. अपहरण झाले लेफ्लोर काउंटीत. मारहाण झाली सनफ्लॉवर काउंटीत, ड्रू गावाजवळच्या एका गोठावजा कोठारात, आणि ते कोठार मायलमच्या भावाच्या ताब्यात होते. मृतदेह सापडला टॅलहॅची काउंटीत, म्हणून खटला समनरला उभा राहिला. कोठाराची गोष्ट न्यायालयापुढे आली तीसुद्धा खटला सुरू झाल्यावर. मिसिसिपीतले कृष्णवर्णीय नागरी हक्क नेते डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड आणि कृष्णवर्णीय पत्रकारांनी जीव धोक्यात घालून मळ्यांवर साक्षीदार शोधले. त्यांपैकी अठरा वर्षांच्या विली रीडने सांगितले की त्याने एमेटला एका ट्रकच्या मागच्या भागात पाहिले आणि नंतर त्या कोठारातून मारहाणीचे व किंकाळ्यांचे आवाज ऐकले. खून दुसऱ्याच काउंटीत झाला असावा असे भर न्यायालयात सुचवणारी ही साक्ष होती. खटला तेथेच पुढे चालला, तेथेच संपला, आणि विली रीडलाही शिकागो गाठावे लागले. लेफ्लोर काउंटीच्या ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नोव्हेंबरात अपहरणाचा आरोपही निश्चित केला नाही, हे जमेस धरले म्हणजे तीन काउंटींमध्ये पसरलेला एक गुन्हा कोणत्याच काउंटीचा उरला नाही हे ध्यानात येते.

त्यानंतर जे घडले त्याने कोठार नकाशावरूनच पुसले गेले. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ या नियतकालिकात ब्रायंट आणि मायलम यांची कबुली छापून आली. त्यासाठी त्यांना पैसे मिळाले होते. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, त्यामुळे त्यांना भय नव्हते. पण ही कबुली खरी नव्हती. त्यांनी मारहाणीची जागा मायलमच्या घरामागच्या खोपटात हलवली आणि बाकीच्या साथीदारांना गोष्टीतून वगळले. सनफ्लॉवर काउंटीतले कोठार, तेथे उपस्थित असलेली माणसे आणि विली रीडची साक्ष असे सगळे एका लेखाने बाजूला सारले, आणि पुढची कित्येक दशके गंभीर लेखनातही तीच आवृत्ती गिरवली गेली. जागा पुसली की साक्ष पुसली जाते, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. म्हणूनच वास्तुजतनाचा हा वाद मला केवळ इमारतींच्या डागडुजीचा वाटत नाही.

उलट बाजूने पाहिले तर समनरच्या न्यायालयाच्या बाबतीत कागद हरवला आणि खोली राहिली. खटल्याची शब्दशः नोंद कित्येक वर्षे कोणालाच सापडत नव्हती. २००४ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा तिची एक प्रत हाती लागली. २००५ मध्ये मृतदेह उकरून जनुकीय चाचणी झाली आणि तो एमेट टिलचाच असल्याचे सिद्ध झाले. आईने पन्नास वर्षांपूर्वी शपथेवर सांगितले होते तेच. या सगळ्या काळात ती खोली मात्र वापरात होती. मधल्या वर्षांत तिचे अंतरंग बदलले गेले, आणि इमारतीलाही अवकळा आली.

इमारतीच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास मला विशेष आदराने सांगावासा वाटतो, कारण तो वरून लादलेला नाही. जेरोम लिटल हे काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने एमेट टिल स्मृती समिती स्थापन झाली आणि तिच्यात नऊ कृष्णवर्णीय व नऊ गोरे सदस्य घेण्यात आले. इमारतीच्या दुरुस्तीसाठी निधी मिळवणे हाही समितीमागचा एक हेतू होता, आणि यावरून काही टीकाकार समितीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतात. मला ती शंका अन्यायाची वाटते. गरीब काउंटीला आपले गळके छप्पर आणि आपला इतिहास ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर घ्यावी लागतात, आणि छपरासाठी का होईना, पण ज्यांनी सत्य उच्चारायचे ठरवले त्यांनी ते उच्चारले. २ ऑक्टोबर २००७ रोजी न्यायालयासमोर जमलेल्या लोकांपुढे काउंटीच्या नागरिकांच्या वतीने टिल कुटुंबाची जाहीर माफी मागण्यात आली. वांशिक सलोख्याची सुरुवात सत्य सांगण्यापासून होते, असे त्या निवेदनाच्या आरंभीच म्हटले होते. पुढे न्यायदालन १९५५ च्या रूपात परत आणले गेले, २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले, आणि समोरच्या बाजूला माहिती केंद्र सुरू झाले. न्यायालय मात्र न्यायालयच राहिले. तेथे आजही कामकाज चालते.

हे शेवटचे वैशिष्ट्य मी सगळ्यांत मोलाचे मानतो. इमारतीचे पूर्ण संग्रहालय करावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे, कारण संग्रहालयात वस्तू सुरक्षित राहतात आणि पर्यटकांना वेळेचे बंधन राहत नाही. पण संग्रहालय झाले की तो अन्याय बंद झालेल्या संस्थेचा अन्याय ठरतो. कामकाज चालू असलेल्या दालनात आजचा न्यायाधीश आणि आजचे ज्यूरीसदस्य जेथे बसतात तेथेच ते बारा जण बसले होते, ही जाणीव खटल्याशी संबंधित प्रत्येकाला होते. ती गैरसोयीची असेलही. न्यायसंस्थेला अशी गैरसोय सोसता आली पाहिजे.

मराठी वाचकाला येथे मुंबई उच्च न्यायालयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले, आणि ज्यूरीचे कौल गोरे आणि पारशी अशा रेषेवरच विभागले गेले होते. त्याच दालनाबाहेर १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी टिळकांचे उद्गार कोरलेली पाटी बसवली. न्यायालयाने आपल्याच निकालाविरुद्ध आपल्याच भिंतीवर साक्ष कोरावी ही मोठी गोष्ट होती, आणि तेही चालू न्यायालय आहे. पण दोन्हींतला फरकही नोंदवला पाहिजे. मुंबईत ज्या राजवटीने अन्याय केला ती निघून गेली होती आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो सर्वमान्य नेता होता. समनरला अन्याय करणारे आणि सोसणारे यांची नातवंडे एकाच दुकानातून वाणसामान नेतात. परक्या सत्तेचा अन्याय भिंतीवर कोरण्यापेक्षा शेजाऱ्याचा अन्याय शेजाऱ्यासमोर वाचून दाखवायला अधिक धैर्य लागते. २००७ च्या त्या निवेदनाचे मोल म्हणूनच मला मोठे वाटते.

न्यायालयाच्या हिरवळीवर १९१३ मध्ये उभारलेले, अमेरिकेच्या यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या सैनिकांचे स्मारक आहे, आणि त्याच हिरवळीवर टिल खटल्याचा फलक आहे. दोन्ही असू द्यावीत, म्हणजे इतिहासाच्या दोन्ही बाजू दिसतील, असे म्हणणारे लोक सद्भावनेने बोलतात असे मी मानतो. तरीही मला ते पटत नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचा गौरव हा न्यायालयाच्या दारात इतिहासाची बाजू म्हणून उभा राहत नाही. न्याय मागायला येणाऱ्याला तो काहीतरी सांगत असतो, आणि १९५५ मध्ये मोझेस राइट व मेमी टिल त्याच्याच समोरून आत गेले होते. ते स्मारक समोरच्या माहिती केंद्रात संदर्भासह ठेवता येईल, आणि तेथे ते अधिक उपयोगी पडेल.

आता नदीकाठाकडे वळतो. ग्रॅबॉल लँडिंग येथे २००८ मध्ये मृतदेह सापडल्याच्या जागेचा फलक लावला गेला. तो उपटून नेण्यात आला. दुसरा लावला, त्याची गोळ्यांनी चाळण केली गेली. २०१८ मध्ये तिसरा लावला, त्याला पस्तीस दिवसांत गोळ्या लागल्या, आणि २०१९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांचे त्या फलकाशेजारी बंदुका घेऊन काढलेले छायाचित्र उजेडात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथा फलक बसवला गेला तो गोळी न भेदणारा, सुमारे सव्वादोनशे किलो वजनाचा. गोळ्या लागलेला एक फलक २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात मांडण्यात आला. मृतदेह नेमका याच काठावर सापडला की नदीच्या दुसऱ्या एखाद्या वळणावर, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि हा मुद्दा स्मारकाविरुद्ध अनेकदा मांडला जातो. तो मी हलका मानत नाही, आणि फलकावर मतभेदाची नोंद स्पष्टपणे असावी असेही म्हणेन. परंतु जागेबद्दल अनिश्चितता आहे ती खटला नीट चालला नाही म्हणून. ज्या तपासाने जागा निश्चित करायची होती तो तपासच झाला नाही, आणि त्या उणिवेचा दोष स्मरण करणाऱ्यांवर टाकणे रास्त नाही. शिवाय ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना जागेच्या अचूकतेची फिकीर नव्हती. त्यांना नाव सहन होत नव्हते, आणि फलकाची आवश्यकता सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे.

राहिल्या दोन जागा, कोठार आणि दुकान. या दोन्ही २०२३ च्या घोषणेत नाहीत, कारण तेव्हा दोन्ही खासगी मालकीच्या होत्या. ड्रूजवळचे कोठार कित्येक वर्षे साधी अडगळीची जागा म्हणून वापरात होते आणि बाहेरच्या कोणालाही तेथे काय घडले याची खूण नव्हती. २०२५ मध्ये समनरच्या माहिती केंद्राने देणगीच्या बळावर ते विकत घेतले. म्हणजे न्यायालयाने ऐकून न ऐकल्यासारखी केलेली विली रीडची साक्ष सत्तर वर्षांनी जागेच्या रूपाने दाखल होते आहे. हे काम एका स्वयंसेवी संस्थेला दानशूर व्यक्तीच्या मदतीने करावे लागले, याची सरकारने नोंद घ्यायला हवी. राष्ट्रीय स्मारकाची हद्द वाढवून कोठार त्यात सामील करणे ही पुढची पायरी आहे, आणि तिला विलंब लावण्याचे कारण मला दिसत नाही.

मनीच्या दुकानाची स्थिती याहून वाईट आहे. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळाने त्याचे बरेच काही पाडले, छप्पर गेले, आणि उरलेल्या भिंतींवर वेली चढल्या. ते ज्यांच्या मालकीचे आहे ते खटल्यातल्या एका ज्यूरीसदस्याचे वारस आहेत. २०११ मध्ये नागरी हक्कांच्या इतिहासाशी निगडित वास्तूंसाठी असलेल्या राज्य निधीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम मनीला मिळाली, पण ती दुकानाच्या शेजारच्या पेट्रोल पंपाच्या जीर्णोद्धारासाठी. पंप नीटनेटका उभा राहिला आणि दुकान कोसळत राहिले. नागरी हक्कांच्या नावाने मिळालेल्या पैशातून १९५० च्या दशकातले गावजीवन किती रम्य होते याचा देखावा उभा करायचा, आणि ज्या उंबऱ्यावरून एका मुलाच्या मरणाची सुरुवात झाली तो मातीत मिसळू द्यायचा, याला जतन म्हणता येणार नाही.

खासगी मालमत्तेचा हक्क हा येथे सांगितला जाणारा सर्वांत भक्कम आक्षेप आहे, आणि अमेरिकेत तो कोणी सहजासहजी ओलांडत नाही. वारसांवर पूर्वजाच्या कृत्याचा दोष लादू नये हेही मला मान्य आहे. पण त्यांच्यावर दोष ठेवणे आणि सार्वजनिक हितासाठी जागा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ मध्ये लेफ्लोर काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या ग्रीनवुडच्या न्यायालयाच्या तळघरात, दुकान चालवणाऱ्या त्या स्त्रीविरुद्ध १९५५ मध्ये निघालेले आणि कधीच न बजावलेले अटक वॉरंट सापडले. तिला दोन लहान मुले आहेत म्हणून तिला त्रास द्यायचा नाही, असे तेव्हाच्या शेरीफने सांगितले होते. वॉरंट सापडूनही ग्रँड ज्यूरीने ऑगस्ट २०२२ मध्ये आरोप ठेवला नाही, आणि २०२३ मध्ये ती मरण पावली. आता या गुन्ह्यासाठी कोणावरही खटला होण्याची शक्यता उरलेली नाही. उरल्या आहेत त्या केवळ जागा. लेफ्लोर काउंटीला किंवा मिसिसिपी राज्याला रस्त्यासाठी, कालव्यासाठी जमीन संपादित करण्याचा जो अधिकार आहे तोच योग्य मोबदला देऊन या दुकानासाठी वापरावा, आणि तो भिंतींचा उरलेला भाग उभा आहे तोवर वापरावा. त्या भिंती पुन्हा बांधून दुकानाची हुबेहूब प्रतिकृती करू नये. आहेत त्या अवस्थेत टेकू देऊन उभ्या ठेवाव्यात, आणि समनर, ड्रू, ग्रॅबॉल लँडिंग व मनी या चारही ठिकाणांची नोंद एकाच नकाशावर, काउंटींच्या सीमारेषांसह करावी, म्हणजे १९५५ मध्ये एका खोलीत बसून जे नाकारले गेले ते कोणालाही स्वतः रस्त्याने फिरून पाहता येईल.